आज काय गावला?

मालवणहून कोळंबचा पूल ओलांडून उत्तरेला पाच-सहा किलोमीटर गेलं की सर्जेकोट येतं. इथे उतरायला जागा शोधणाऱ्याला मोठं हॉटेल दिसत नाही, घरं दिसतात. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, पुढे खळं, खळ्यातल्या माडाला टेकवून ठेवलेली वल्ही, पडवीत जाळ्याचा निळा-हिरवा ढीग आणि फाटकाला पाटी : ‘राहण्याची व जेवणाची सोय’. पाटीवर पदार्थांची यादी नसते. अशा घरात राहायचं म्हणजे काय, ताटात येणारा मासा कुठून येतो आणि आपण दिलेले पैसे कुठे जातात, हे पर्यटनाच्या जाहिरातींत कुणी सांगत नाही, म्हणून मला सांगावंसं वाटतं.

मी कोल्हापूरची. शाळेत भूगोल शिकवत नोकरी पूर्ण केली. गगनबावड्याहून घाट उतरून खाली मालवणी मुलखात जाणं आमच्या घरी पूर्वीपासून आहे आणि गेली काही वर्षं मी सर्जेकोटच्या एकाच घरी उतरते. घरच्यांची नावं इथे देत नाही. वडीलधाऱ्या दोघांना मी काका-काकी म्हणते. त्यांचा थोरला मुलगा आता होडीचा तांडेल आहे, त्याला सगळी वाडी दादा म्हणते, म्हणून मीही. घरात बोलणं मालवणीत चालतं. ते कानाला परकं वाटत नाही. ‘वस्त्रहरण’ नाटकाने ही बोली घाटावरच्या घराघरांत पोचवली, आणि ते नाटक गाजवणारे मच्छिंद्र कांबळी इथल्याच शेजारच्या रेवंडीचे.

बंदर नेमकं इथेच का, हे नकाशा पाहिला की कळतं. उत्तरेकडून कालावलची खाडी समुद्राला समांतर येते आणि सर्जेकोटपाशी दर्याला मिळते. खाडीपलीकडे तळाशीलची वाळूची चिंचोळी पट्टी, तिच्या एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला उघडा समुद्र. मालवणसमोरच्या समुद्रात खडक फार, आणि नैऋत्येचा वारा सुरू झाला की तिथे नांगरलेली नाव सुरक्षित राहत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याचं काम १६६४ मध्ये सुरू झालं, आणि त्या किल्ल्याच्या आरमाराला पाठराखण म्हणून शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये इथे सर्जेकोट बांधला. आज किल्ल्याचे बुरुज आणि तटाचा काही भाग उभा आहे, आत झाडी माजली आहे. पण ज्या आडोशासाठी ही जागा निवडली होती, तो आडोसा अजून कामाला येतो. मे महिना सरत आला की आसपासच्या होड्या खाडीच्या आत ओढून घेतल्या जातात आणि माडाच्या झापांनी, ताडपत्रीने शाकारल्या जातात.

घरात पाहुणे ठेवण्याची रीत इथे त्या मानाने नवी आहे. रत्नागिरीतून वेगळा होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला १९८१ मध्ये, आणि १९९७ मध्ये तो पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढे पर्यटन महामंडळाच्या न्याहारी-निवास योजनेमुळे राहत्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना देणं लोकांना सोपं झालं. तारकर्ली-देवबागला ही लाट आधी आली, सर्जेकोटला सावकाश. काकींच्या घरातल्या मागच्या दोन खोल्या मुळात जाळी, बुचं, दोर आणि सुक्या मासळीच्या. काका उमेदीत काही वर्षं मुंबईत चाकरीला होते, तेव्हा घर मनीऑर्डरवर चाले. ते परत आले, होडी घेतली, आणि होडीचं कर्ज फेडताना या खोल्या रिकाम्या करून त्यांत खाटा आल्या. भिंतींना चुना लागला, न्हाणीघर बांधलं. खोलीबद्दल सांगण्यासारखं याहून जास्त काही नाही. स्वच्छ चादर, पंखा, मच्छरदाणी, एक खिडकी खाडीकडे. खिडकीतून डिझेलचा आणि सुकत घातलेल्या मासळीचा वास येतो. ज्याला तो सहन होत नाही त्याने मालवण शहरात राहावं, हे मी ओळखीच्यांना आधीच सांगते.

भूगोलाच्या तासाला भरती-ओहोटी शिकवताना मी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रेषेत काढायची. काका तोच धडा माजघरातल्या भिंतीवर टांगलेल्या कालनिर्णयावरून करतात. (कालनिर्णय सुरू करणारे जयंतराव साळगावकर मालवणचेच, हे काका प्रत्येक नव्या पाहुण्याला सांगतात.) तिथीची पाऊणपट करायची, येईल तो आकडा म्हणजे भरतीची वेळ, असा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहाच्या. तिथून सव्वासहा तासांनी ओहोटी. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, तेव्हा हिशेब शास्त्राच्या अगदी जवळून जातो. मुंबईपेक्षा इकडे दक्षिणेला भरती थोडी आधी येते, म्हणून काका आलेल्या आकड्यातून अंदाजाने काही वजा करतात. ज्यांनी पाऊणकीचे पाढे पाठ केले त्या पिढीला हे तोंडी जमतं. दादाच्या मोबाइलवर भरतीचं कोष्टक आहे, तरी जाळं टाकायची वेळ ठरवताना तो काकांना एकदा विचारतोच.

हे पाहुण्याने समजून घेण्याचं कारण असं की घराचं घड्याळ यावर चालतं. खाडीच्या मुखाशी वाळू साचते. ओहोटीला पाणी उथळ झालं आणि वर लाट असली, की होडी आत घेणं धोक्याचं. मग होड्या बाहेर पाणी भरायची वाट पाहत थांबतात. होडी उशिरा लागली की मासे उशिरा, मासे उशिरा की जेवण उशिरा. काकी त्याच कालनिर्णयावर तारखेच्या चौकोनात पाहुण्यांची नावं पेन्सिलीने लिहून ठेवतात. एकाच चौकोनात तिथी, पाहुणे आणि कधी कधी बर्फाचा हिशेब.

पहाटे उठून जेट्टीवर जावं. पहाटेचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, मतलई. रात्रभरात जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते म्हणून. शिडाच्या दिवसांत या वाऱ्यावर नावा बाहेर पडत आणि दुपारी उलट्या, खाऱ्या वाऱ्यावर परत येत. आता फायबरच्या होडीला मागे इंजीन असतं, वाऱ्यासाठी थांबावं लागत नाही. पण पहाटे पाणी शांत असतं ते या मतलईमुळेच, आणि जाळी ओढायला तेच सोयीचं. कांडाळ म्हणजे पाण्यात पडद्यासारखं उभं राहणारं जाळं. संध्याकाळी ते सोडायचं, रात्री त्यावर राहायचं, पहाटे ओढायचं. पोहत आलेला मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. आस केवढा ठेवायचा यावर कुठला मासा अडकणार ते ठरतं. बांगड्याचं जाळं वेगळं, सुरमईचं वेगळं, म्हणून एका घरात तीन-चार प्रकारची जाळी असतात आणि जाळी हाच घरातला सगळ्यात मोठा खर्च.

होडी लागली की खलाशी जाळ्यातून मासे सोडवत बसतात. हे काम घाईचं असूनही हळू हातांनी करावं लागतं. बांगडा ओढून काढला तर त्याचं पोट फुटतं आणि भाव पडतो. सोडवलेले मासे प्रकाराप्रकाराने पाट्यांत पडतात. लिलाव उभ्याउभ्याच चालतो. एकजण पाटीवर बोली पुकारतो, विकत घेणाऱ्या बायका आणि व्यापारी आकडा वर नेतात, आकडा थांबला की पाटी उचलली जाते आणि तिच्यावर बर्फ पडतो. मोठे मासे काट्यावर जातात. इथून माल मालवणच्या बाजारात, गोव्याला आणि घाट चढून बेळगाव-कोल्हापूरकडे निघतो. आमच्या शहरात मी सकाळी जो बांगडा घेते, तो आदल्या दिवशी अशाच एखाद्या पाटीतून उठलेला असतो.

लिलाव सुरू व्हायच्या आधी एक गोष्ट होते. कालवणाचे मासे बाजूला निघतात. होडीवर गेलेल्या प्रत्येकाला घरी खायला मासे न्यायचे असतात, ते विक्रीच्या हिशेबात येत नाहीत. विक्रीतून आधी डिझेल आणि बर्फ वजा होतो, उरलेल्याचे वाटे पडतात : होडीचा, जाळ्याचा, इंजिनाचा, आणि माणसागणिक एकेक. काकी जेट्टीवर येतात त्या या वेळी. पाहुणे किती ते त्यांच्या डोक्यात असतं. घरच्या होडीतून कालवणाचे मासे घेतात, कमी पडले तर शेजारच्या होडीवरून पैसे देऊन घेतात. लांबूनच त्या दादाला हाक मारतात, “आज काय गावला?” दादा जे उत्तर देतो तोच त्या दिवसाचा स्वयंपाक.

ऑक्टोबर-नोव्हेंबरात ते उत्तर बहुतेक वेळा बांगडा असतं. बांगडा हा श्रीमंतीचा मासा मानला जात नाही, आणि ते मला पटत नाही. ताज्या बांगड्याची निळसर-हिरवी पाठ चकाकत असते, डोळा फुगीर आणि स्वच्छ असतो, कल्ला उघडला तर आत लालभडक. काकी मासा बोटाने दाबून बघतात. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. मासे साफ करायला त्या विहिरीपाशी बसतात. विळीवर शेपटीचा काटा आणि पर काढले, डोक्यामागे तिरका छेद देऊन कल्ले आणि पोटातलं सगळं एका झटक्यात ओढून बाहेर घेतलं, दोन्ही अंगांना दोन-दोन चिरा दिल्या, मीठ चोळलं, एकदा धुतलं. मी दुसऱ्यांदा पाणी घालायला लागले तर हात धरतात. “जास्त धुवलात तर चव जाता.”

या माशाचं तिखलं करतात ते असं. सुक्या लाल मिरच्या गरम पाण्यात भिजत घालायच्या. मिरच्या, धणे, हळद आणि मूठभर ओलं खोबरं वाटून गुळगुळीत करायचं. खोबरं इथे जपून घालतात; ते जास्त झालं की त्याची आमटी होते, आणि तिखलं दाट व तिखटच हवं. पसरट टोपात वाटप, बेताचं पाणी, मीठ, चार-पाच सोलं, म्हणजे कोकमाची वाळवलेली सालं. उकळी आली की बांगडे एकाशेजारी एक लावायचे. आणि तिरफळं. वाळलेलं तिरफळ तडकलेलं असतं, त्यातली काळी चकचकीत बी काढून टाकायची, साल तेवढं घ्यायचं, पाण्याचा हात लावून ठेचायचं. वाटपात घालून बारीक वाटलं तर कडवट होतं. तिरफळाने जिभेला हलक्या मुंग्या येतात आणि तेलकट माशाचा उग्रपणा बसतो, म्हणून ते बांगड्याला आणि तारलीला लागतं, पापलेटला कुणी घालत नाही. मासे टोपात पडल्यावर काकी डाव लावत नाहीत. दोन फडक्यांनी टोपाचे कान धरून टोपच गोल हलवतात, मासा अख्खा राहतो. सात-आठ मिनिटांत उतरवायचं. यात तेलाची फोडणी नाही, वरून कच्च्या खोबरेलाची थोडी धार. उकड्या तांदळाचा भात, तिखलं, एखादा रव्यात घोळवून तळलेला बांगडा आणि सोलकढी. उरलेलं तिखलं दुसऱ्या सकाळी घावण्याबरोबर, तोवर त्यात सोलाचा आंबटपणा मुरलेला असतो. मला विचारलं तर दुसऱ्या दिवसाचं जास्त चांगलं.

बांगड्याच्या बाबतीत ताजेपणाला एक शास्त्रीय कारणही आहे. बांगडा, तारली, कुपा या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं. मासा उन्हात किंवा बर्फाशिवाय पडून राहिला तर जिवाणू त्यापासून हिस्टामीन तयार करतात. ते शिजवून किंवा तळून नाहीसं होत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होणं, खाज, डोकेदुखी होते ती त्यामुळे. म्हणून जेट्टीवर पाटीवर पडणारा बर्फ महत्त्वाचा, आणि म्हणूनच जाळ्यातून टोपात जायला ज्याला दोन तास लागले तो बांगडा खाण्यासाठी माणसाने दोनशे किलोमीटर यावं, असं मी म्हणते.

पण येणाऱ्यांतले बरेच जण सुरमई मागतात. सुरमई नसेल तर पापलेट, पापलेट नसेल तर मोठी कोळंबी. मालवणच्या रस्त्यांवरच्या पाट्यांनी हीच तीन नावं लोकांच्या डोक्यात बसवली आहेत. त्या दिवशी दर्यात सुरमई नसेल तरी थाळीत ती हवी असते, आणि मग काकींना ती बाजारातून, बर्फातली, दुप्पट भावाने आणावी लागते. पाहुण्याला शिळा मासा महाग मिळतो, घरच्या होडीतला ताजा मासा मात्र व्यापाऱ्याला स्वस्तात जातो. दोघांचंही नुकसान. पापलेटचं आणखी वेगळं. ताटात अख्खा मावेल असा पापलेट गिऱ्हाइकाला हवा असतो, आणि एवढ्या आकाराच्या बऱ्याच माशांनी अजून एकदाही अंडी घातलेली नसतात. राज्य शासनाने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा केलं आणि त्याच वर्षी ५४ प्रकारच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. ही चांगली गोष्ट झाली. पण आस मोठा ठेवायचा की बारीक, हे मच्छीमार शेवटी गिऱ्हाइकाकडे बघून ठरवतो. जेवायला बसणाऱ्या आपल्यासारख्यांना यात काहीच करता येत नाही असं मुळीच नाही.

काकींकडे जे मिळतं त्याची यादी मी वर्षावर्षांत मनाशी केली आहे. तारली आणि पेडवे केळीच्या पानात भाजून. मोरीचं मटणासारखं रस्सेदार कालवण. मुडदुशी, तिला काटे थोडे आणि चव गोड, लहान मुलांना ती देतात. सौंदाळे तळून. खाडीतल्या तिसऱ्यांचं सुकं; तिसऱ्या ओहोटीला बायका चिखलात बसून गोळा करतात, त्यामुळे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी खूप लांब ओसरतं तेव्हा, त्या जास्त मिळतात. लेपो चपटा, त्याला बघून शहरातली माणसं बिचकतात, खाल्ल्यावर दुसऱ्यांदा मागतात. सोमवारी काहीच नाही. सोमवारी या घरात मासे शिजत नाहीत. त्या दिवशी काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या. पाहुण्यांनी सोमवारचा दिवस घालवला असं समजू नये; काळ्या वाटाण्याचं सांबारं इतकं जमलेलं मी दुसरीकडे खाल्लं नाही.

खाडीपलीकडे तळाशीलच्या पुळणीवर रापण ओढतात. पावसाळा सरल्यावर तिचा हंगाम सुरू होतो. होडीतून अर्धवर्तुळात लांबच लांब जाळं सोडतात आणि दोन्ही टोकांचे दोर घेऊन पन्नास-साठ माणसं किनाऱ्यावरून ते ओढत आणतात. रापण एका घराची नसते, रापण संघाची असते, वाटे घरागणिक पडतात. पाहुण्याने दोराला हात लावला तर कुणी हटकत नाही, उलट जागा करून देतात. फोटो काढत पुढ्यात उभं राहिलेलं मात्र आवडत नाही, कारण शेवटचा घेर किनाऱ्याला लागताना एकेक पाऊल महत्त्वाचं असतं.

या सगळ्यात खोल्यांची गरज का पडली, ते काकांनी मला एका पावसाळ्यात सविस्तर सांगितलं. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. माशांच्या विणीचा काळ, शिवाय समुद्र खवळलेला. बंदीबद्दल काकांची तक्रार नाही. त्यांच्या आजोबांच्या वेळीही नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिल्याशिवाय कुणी होडी लोटत नसे. तक्रार आहे ती बंदी उठल्यानंतरची. पर्ससीन जाळं माशांच्या अख्ख्या थव्याभोवती फिरवून खालून आवळतात, आणि एका फेऱ्यात जे जातं ते कांडाळवाल्याला हंगामभर मिळत नाही. या जाळ्यांवर राज्य शासनाने फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आणले. रात्री प्रखर दिवे लावून मासे गोळा करणाऱ्या एलईडी मासेमारीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली. तरीही रात्री क्षितिजावर उजेड दिसतो, आणि तो दिसला की पडवीतलं बोलणं थांबतं. त्यात वादळं. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार, २०२१ च्या मेमध्ये तौक्ते. काका सांगतात, पूर्वी हंगामातले किती दिवस समुद्रावर जाता येईल याचा अंदाज बांधता यायचा, आता येत नाही. होडी उभी राहिली तरी खलाशाला आगाऊ दिलेले पैसे आणि कर्जाचा हप्ता चालूच असतो. अशा महिन्यांत खोल्यांचं भाडं आणि ताटांचे पैसे घर चालवतात. ज्या घरांना ते नाही, त्यातल्या काहींनी होड्या विकल्या. विकत घेणारा बहुधा मोठ्या नौकांचा मालक असतो.

म्हणून मी मित्रमंडळींना सांगते की पर्यटनाचा पैसा कुठे पडतो ते बघा. समुद्राकडे तोंड करून बांधलेल्या, बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टमध्ये तुम्ही दिलेले पैसे जाळं विकत घेत नाहीत. इथे घेतात. आणि पाटी लावलेलं प्रत्येक घर होडीवालं असतंच असंही नाही, म्हणून खोली ठरवताना सरळ विचारावं : घरची होडी आहे का, कुठल्या जाळ्याची, सध्या काय मिळतंय. खरं होडीवालं घर असेल तर उत्तर लांबलचक येतं. गोवा-मुंबई महामार्गावरून कसालला वळून, किंवा कोकण रेल्वेने कुडाळ वा कणकवलीला उतरून एसटीने मालवण आणि तिथून रिक्षा. ऑक्टोबर ते डिसेंबर हा काळ उत्तम. दिवाळीची आणि नाताळची गर्दी टाळली तर आणखी बरं. जूनमध्ये मासे खायच्या आशेने जाऊ नये, पाऊस बघायला जावं. तेव्हा काकी सुके बांगडे भाजतात, गोलम्याची चटणी करतात, कुळथाची पिठी आणि पेज असते, आणि पडवीत जाळी दुरुस्त करत बसलेल्या माणसांशी बोलायला वेळच वेळ असतो. जाळ्यावरून चालू नये, पाय अडकून आस तुटतो. जेट्टीवर माशांच्या पाटीला ओलांडून जाऊ नये. रात्री मोठ्याने गाणी लावू नयेत. भिंतीपलीकडे झोपलेल्या माणसांना पहाटे उठून जेट्टीवर जायचं असतं.

गेल्या दिवाळीच्या हंगामातले पैसे आले तेव्हा घरात दोन मतं होती. दादाच्या बायकोचं म्हणणं, मागच्या खोलीला एसी बसवावा. उन्हाळ्यात पुण्या-मुंबईची माणसं आधी तेच विचारतात आणि नाही म्हटलं की फोन ठेवतात. काकांचं म्हणणं, सुरमईची कांडाळ जुनी झाली आहे, ठिगळं किती लावणार. दोन्ही खरं होतं. दादाने हिशेब मांडला आणि जाळं आधी घ्यायचं ठरलं. नवं जाळं नुसतं आणून समुद्रात टाकता येत नाही. वरच्या दोराला बुचं आणि खालच्या दोराला शिशाचे मणी ओवावे लागतात, अंतर मोजून, गाठ मारून. मी गेले तेव्हा खळ्यात तेच चाललं होतं. दादाची बायको बुचं ओवत होती, काका गाठी तपासत होते, आणि नागपूरहून आलेल्या पाहुण्यांची दोन मुलं शिशाचे मणी वाटीत मोजून देत होती. एसीसाठी भिंतीत भोक पाडून ठेवलंय, त्यात सध्या चिंध्या कोंबल्या आहेत. मे महिन्याच्या आधी तो बसवायचा बेत आहे.